बारलिंगेंच्या चारशे बारा गाड्या

रायपूरच्या पुरानी बस्तीत श्यामराव बारलिंगे यांचं घर कोणाला दोनदा विचारावं लागत नाही. 'गिनतीवाले अंकल' एवढं म्हटलं की पानठेलेवाला तोंडातला विडा न काढता हात करून दाखवतो. हे नाव त्यांना कोणी टिंगलीत दिलं असेल, पण श्यामरावांनी ते पदवीसारखं वापरलं. माणसानं एकतीस वर्षं एकच काम केलं आणि ते चोख केलं, तर त्यानं ताठ मानेनं का फिरू नये?

काम काय, तर गाड्या मोजणं. एका सरकारी नियोजन कार्यालयात ते नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या हातात एक लाकडी पाटी, एक पेन्सिल आणि एक घडीची खुर्ची दिली गेली. चौकात खुर्ची टाकायची आणि समोरून जाईल त्याची रेघ मारायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाली जुडी. सायकलचा रकाना वेगळा, स्कूटरचा वेगळा, मोटारीचा वेगळा. उन्हाळ्यात डोक्यावर ओला गमछा आणि खिशात कांदा. त्यांच्यासोबतचे बाकीचे मोजणारे समोरच्या चहाच्या टपरीत बसून अंदाजे जुड्या बांधायचे आणि संध्याकाळी भरलेला कागद साहेबासमोर ठेवायचे. त्यांना बढत्या मिळाल्या. श्यामरावांना कंबरदुखी मिळाली.

एकदा साहेबानं बोलावून सांगितलं, बारलिंगे, तुमच्या चौकाचा आकडा बाजूच्या चौकांशी जुळत नाही, जरा जुळवून घ्या. श्यामराव म्हणाले, "साहेब, आधी गाड्याइले सांगा, मंग मी जुळवतो." त्यानंतर त्यांची खुर्ची दोन वर्षं शहराबाहेरच्या नाक्यावर होती. तिथंही त्यांनी ट्रक मोजले, आणि बरोबर मोजले. खोटी रेघ म्हणून एक मारली नाही, हे ते आजही सांगतात. म्हणजे सांगायचे. गेल्या वर्षापासून सांगत नाहीत, आणि ते का, तीच ही गोष्ट.

निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. लग्नात गेले की पंगती मोजायचे. एका नातेवाइकाच्या अंत्ययात्रेत, सगळे मान खाली घालून चालत असताना, ते शेजारच्याच्या कानात पुटपुटले होते, "एकशे सहा. त्यातले बारा स्कूटरवर." त्यांच्या बायकोनं, पद्मिनीबाईंनी, त्या दिवशी घरी आल्यावर त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलणं टाकलं होतं.

आता पद्मिनीबाई. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण सकाळी नऊ वाजून दहाची सिटी बस कधी चुकली नाही. त्यांची थोरली बहीण मंजिरीताई शंकर नगरात राहते. तिच्या डोळ्यांनी गेली चार वर्षं जवळजवळ रजाच घेतली आहे. मंजिरीताईला नागपूरचा मराठी पेपर लागतो, तोही पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. पेपर रायपूरला पोचतो दुसऱ्या दिवशी, पण त्याचं दोघींना काही वाटत नाही, मेलेली माणसं एका दिवसानं थोडीच परत येतात, असं मंजिरीताईच म्हणते. घरातल्या सुनेला मराठी समजतं, वाचता येत नाही. नातवंडं तर 'क्या दादी' म्हणून पुढे जातात. म्हणून पद्मिनीबाई रोज जाणार, दोन तास पेपर वाचणार, बहिणीच्या केसांना तेल लावणार आणि साडेबाराच्या बसनं परत येणार. मंजिरीताईच्या दिवसात दुसरं काहीच घडत नव्हतं.

ती बस म्हणजे त्यांचं दुसरं घर होतं. तिसऱ्या खिडकीची जागा कंडक्टर धरून ठेवायचा. पाच मिनिटं उशीर झाला तर "दीदी आ रही हैं" म्हणून बस थांबायची. वडाखालच्या थांब्यावर रोज तिशीच्या घरात माणसं चढायची, कोणी शाळेत शिकवणाऱ्या, कोणी दवाखान्यात मालिश घेणारे, कोणी सदर बाजारातल्या सोनाराकडे हिशेब लिहिणारे. पद्मिनीबाई थांब्यावर सरळ गल्लीनं जात नसत. त्या गल्लीत त्यांच्या चुलतजावेचं घर आहे आणि एका पितळी घंगाळावरून त्यांचा अठरा वर्षांचा अबोला आहे. म्हणून देवळाला वळसा घालून, चार मिनिटं जास्त चालून. ही चार मिनिटं कोणत्याही नकाशात नाहीत.

आणि घरापुढे एक पांढरी मोटार होती. मुलगा विशाल यानं ती हौसेनं घेतली, आठ महिने फिरवली, मग हैदराबादला नोकरी लागली आणि तो गाडी दारात ठेवून गेला. श्यामरावांना चालवता येत नाही. आयुष्यभर हजारो मोटारी मोजल्या, एकीचं चाक हातात धरलं नाही. पण दर रविवारी ते खोळ काढायचे, ओल्या फडक्यानं गाडी पुसायचे आणि पुन्हा खोळ घालायचे. पद्मिनीबाई दारातून म्हणायच्या, "झाली का लेकराची आंघोळ?"

विशालचं लग्नाचं चाललं होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी नाना देवपुजारी घर बघायला आले. नाना म्हणजे रायपुरात भोसल्यांच्या काळापासून रुजलेलं घराणं, निदान ते सांगतात तसं. राहायचे शहराच्या पार त्या टोकाला. मुलगी गंधाली औषधांच्या कंपनीत होती. नाना आले ते पायीच गल्लीतून आले. बसता बसता म्हणाले, "आमची गाडी आज सर्व्हिसिंगले देली, म्हणून ऑटो केला. कोपऱ्यावर सोडलं त्यानं." श्यामराव म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि नानांना खिडकीतून आपली खोळ घातलेली गाडी नीट दिसेल अशी खुर्ची दिली. पद्मिनीबाई नऊ दहाच्या बसनं गेल्या होत्या. जाताना पोहे करून ठेवले होते.

नानांनी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि दारात एक मुलगी उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. नाव रुचिता. शहराची नवी वाहतूक योजना होते आहे, घरोघरी जाऊन माहिती घेतो आहोत, दहा मिनिटं द्याल का, असं तिनं हिंदीत विचारलं. श्यामरावांचा चेहरा उजळला. आपल्याच धंद्यातलं माणूस दारात आलं होतं.

"बस पोट्टी, बस," ते म्हणाले. "मी याच कामात होतो. तुमी कालच्याच दिवसाचं विचारता नं? बरोबर आहे. परवाचं विचारलं की माणूस थापा मारते."

मुलगीही मराठीच निघाली, तिला कळत होतं सगळं, पण उत्तर हिंदीत. "जी अंकल, कल का ही पूछना है. घर में कितने लोग?"

"दोघं. पोरगा हैदराबादले."

"गाड़ी?"

"हव. कार आहे." हे जरा मोठ्यानं.

"कल आंटी कहीं गई थीं?"

"शंकर नगर. तिच्या बहिणीकडे. रोजच जाते."

"किससे जाती हैं?"

आता बघा, प्रश्न केवढा साधा. बसनं जाते, एवढं म्हणायचं होतं. पण नानांचा चमचा बशीत थांबला होता आणि नाना खिडकीतून गाडीकडे बघत होते. दारात मोटार असताना होणाऱ्या सुनेची सासू बसमध्ये दांडा धरून उभी राहते, हे देवपुजारींच्या घरी कळलं तर? श्यामरावांच्या मनात हे सगळं यायला एक क्षण पुरला.

"कारनं," ते म्हणाले. "मी सोडून देतो नं रोज. नऊ वाजता."

"और वापस?"

"वापसही कारनंच."

रुचितानं मोबाईलवर दोनदा टिचकी मारली आणि आभार मानून ती निघून गेली. नानांनी पोहे संपवले. आयुष्यातली पहिली खोटी रेघ श्यामरावांनी मारली होती, तीही स्वतःच्या घराच्या रकान्यात. त्यांना त्या वेळी तसं वाटलंही नाही. इतकी वर्षं ते पेन्सिलीच्या या बाजूला होते. पलीकडच्या बाजूचा माणूस खोटं का बोलतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि लगेच ते विसरूनही गेले.

मार्चमध्ये सभा भरली. नागरिकांसमोर योजना मांडायची, हरकती ऐकायच्या, असा सरकारी रिवाज आहे. वॉर्डाच्या सभागृहात पडदा लावला, समोसे आले, आणि बाहेरगावच्या सल्लागार कंपनीचा अनिमेष नावाचा तरुण हातात लेझरचा दिवा घेऊन उभा राहिला. पोरगा हुशार होता आणि नम्र होता, त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. त्यानं सांगितलं की आम्ही चार गोष्टी ठरवतो. कोणत्या भागातून सकाळी किती माणसं निघतील. ती कुठं जातील. कशानं जातील. आणि कोणत्या रस्त्यानं जातील. सगळ्या शहराला विचारता येत नाही, म्हणून थोड्या घरांना विचारायचं आणि प्रत्येक घराला तेवढ्यानं गुणायचं.

"आपके इलाके में एक घर मतलब चार सौ बारह घर," तो म्हणाला.

मग त्यानं माणूस वाहन कसं निवडतो ते समजावलं. घरात गाडी असली, आणि गाडीनं वेळ कमी लागत असला, तर माणूस बसची वाट बघत थांबत नाही. गणिताला हे अगदी पक्कं ठाऊक होतं. गणितातला माणूस घरून निघाला की थेट पोचायचा. वाटेत सोनाराशी बोलायला थांबत नसे, देवळाला वळसा घालत नसे, आणि त्याला चुलतजाऊ नव्हती. सदर बाजारात दुचाक्यांची गर्दी आहे, असं दिसलं की तो शहाण्यासारखा लांबच्या रस्त्यानं वळायचा आणि तीन मिनिटं वाचवायचा. श्यामरावांनी एकतीस वर्षांत चौकात असा माणूस एकदाही पाहिला नव्हता.

पडद्यावर नकाशा आला. पुरानी बस्तीतून एक जाड लाल रेघ निघाली होती, बाजाराला वळसा घालून थेट शंकर नगरात शिरत होती. अनिमेषनं दिवा तिच्यावर फिरवला. सकाळी नऊच्या सुमारास चारशे बारा मोटारी, एवढ्याच दुपारी परत. वीस वर्षांत तिप्पट होतील. त्यासाठी ओव्हरब्रिज लागेल. आणि याच मार्गावरची नऊ दहाची बस, तिला मागणी शून्य. एक मेपासून बंद करून ती बस दुसरीकडे द्यावी, अशी शिफारस आहे.

श्यामरावांच्या हातातला समोसा हातातच राहिला. चारशे बारा. एक घर म्हणजे चारशे बारा घरं. नऊ वाजता. शंकर नगर. पडद्यावर जी रेघ होती ती त्यांच्या दारात खोळ घालून उभी होती, आणि तिच्या बॅटरीत जीवही नव्हता.

बायकांच्या रांगेतून पद्मिनीबाई उठल्या. "भैया, शून्य कसं?" त्यांनी विचारलं. "रोज आम्ही तीस जण चढतो."

अनिमेषनं आदरानं मोबाईल बघितला. "मैडम, आपके मोहल्ले में हमने जितने घर पूछे, बस किसी ने नहीं बोला. सब कार, स्कूटर."

सभागृहात कोणी कोणाकडे बघेना. शाळेतल्या बाई पदर नीट करायला लागल्या. सोनाराकडचे हिशेबनीस छताकडचा पंखा बघायला लागले. त्यांच्याही घरी कोणी ना कोणी पाहुणा बसला असणार त्या सकाळी. पाहुणा नसेल तर शेजारीण असेल. आपल्याकडे खरं बोलायला घरात एकांत मिळतो कुठं? श्यामरावांनी उठून बोलायला हवं होतं. ते उठलेही. पण उठून त्यांनी पाण्याचा ग्लास घेतला आणि पुन्हा बसले.

घरी येताना पद्मिनीबाई देवळाजवळ थांबल्या. "तुमी काय सांगतलं होतं त्या पोट्टीले?"

श्यामरावांनी सांगितलं. नाना, पोहे, खिडकी, सगळं सांगितलं. त्या भांडतील अशी त्यांची तयारी होती. त्या भांडल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि चालायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बहिणीला फोन केला. श्यामराव बाजूच्या खोलीत होते.

"ताई, मे महिन्यापासून रोज जमणार नाही मले. बस बंद करून राहिले. महिन्यातून एकदोन वेळा येईन कोणासोबत." मग बराच वेळ त्या नुसतं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नाही गं, रेडिओवर निधनवार्ता नसतात."

श्यामरावांना हे सहन झालं नाही. फोन ठेवायच्या आत ते चपला घालून बाहेर पडले होते.

अनिमेषचं तात्पुरतं ऑफिस शंकर नगरातच होतं. श्यामराव तिथं बसनंच गेले, कारण दुसरं काय होतं? त्याच्यासमोर बसून त्यांनी कबुली दिली. एकतीस वर्षं खोटी रेघ मारली नाही, हेही सांगितलं. ऑफिसातली इतर पोरं कॉम्प्युटरच्या मागे तोंड लपवून हसत होती. अनिमेष हसला नाही. पण त्यानं हात जोडले. डेटा बंद झाला होता. घरांची माहिती आता कोणालाच बदलता येणार नव्हती, कारण ती बदलली तर तिच्यावर बांधलेलं सगळं पुन्हा करावं लागणार आणि मुदत तर फेब्रुवारीतच संपली होती.

"लेकिन अंकल, एक चीज़ हो सकती है," तो म्हणाला. मॉडेल खरं आहे की नाही हे तपासायला एक दिवस प्रत्यक्ष मोजणी करायची असते. तुमच्या थांब्यावर नऊ दहाच्या बसमध्ये पंचवीस माणसं चढलेली मोजली गेली, तर बस ठेवता येईल. तेवढं माझ्या हातात आहे. आणि मोजायला तुमच्यापेक्षा चांगला माणूस मला कुठं मिळणार?

इथं त्या गुणी पोरानं चूक केली. त्याच्या पुस्तकात मोजणारा माणूस म्हणजे मोजणारा माणूस. कोणी अनोळखी पोरगा तिथं बसवला असता तर सगळं आपोआप झालं असतं. पण श्यामरावांना हे तेव्हा सुचलं नाही, त्यांना तर पुन्हा वर्दी चढल्यासारखं झालं होतं. त्यांनी माळ्यावरून घडीची खुर्ची काढली, तेल दिलं, पेन्सिलीला टोक केलं. पाऱ्यात, म्हणजे आपल्या मोहल्ल्यात, चार दिवस आधी सांगत फिरले, गुरुवारी सगळे या, मी मोजायला बसून राहिलो, बस वाचवायची आहे. सगळे म्हणाले, हव, हव, येतो नं.

गुरुवार, एप्रिलचा. साडेआठलाच ऊन तापलं होतं. श्यामराव वडाखाली खुर्ची टाकून बसले, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. कागदाच्या डोक्याशी थांब्याचं नाव छापलेलं. पावणेनऊ झाले. एक भाजीवाली आली. नऊ झाले. भिलाईला जायचं म्हणून रस्ता चुकलेला एक माणूस आला, त्याला खरं तर दुसरी बस पाहिजे होती, पण तो थांबला. नऊ पाचला पद्मिनीबाई आल्या, देवळाकडून, वळसा घालून. त्यांनी डोक्यावरून आणि तोंडावरून सुती ओढणी गुंडाळली होती.

"बाकीचे कुठं आहेत?" श्यामरावांनी विचारलं.

पद्मिनीबाईंनी रस्त्याच्या पुढच्या वळणाकडे बघितलं. पुढचा थांबा शाळेसमोर होता, इथून अडीचशे पावलांवर. तिथं उन्हात, सावलीचं एक झाडही नसताना, माणसांचा पुंजका उभा होता. सगळ्यांची तोंडं गमछ्यांत आणि ओढण्यांत बांधलेली. पण श्यामरावांनी त्यांना चालीवरून ओळखलं, पिशव्यांवरून ओळखलं. ती शाळेतल्या बाईंची निळी छत्री. तो हिशेबनिसांचा डबा.

त्यांच्या सगळं ध्यानात आलं. या सगळ्यांनी मोबाईलवाल्या पोरीला कार आणि स्कूटर सांगितली होती. आता ओळखीचा बारलिंगे, ज्याला त्यांचं घर, गोत, पोरीचं स्थळ, सगळं ठाऊक, तो कागद घेऊन बसला होता, आणि त्याच्यासमोर बसमध्ये चढायचं म्हणजे लेखी कबूल व्हायचं. बस तर सगळ्यांनाच पाहिजे होती. बसवाला म्हणून लिहिलं जायला कोणालाच नको होतं. श्यामरावांनी चिडावं तरी कोणत्या तोंडानं? डिसेंबरात त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं?

कागदावर तीन रेघा होत्या. भिलाईवाल्याची रेघही प्रामाणिकपणे ओढलेली. वडाखाली दुसरं कोणी नव्हतं. वर अजून बावीस ओढायच्या, पाच मिनिटांचं काम. आणि त्यात खोटंही नव्हतं, ती माणसं खरोखर याच बसनं जाणार होती, त्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती. टपरीत बसून जुड्या बांधणारे सगळे जुने सोबती श्यामरावांना आठवले. त्यांची पेन्सिल कागदावर टेकली. पद्मिनीबाई बघत होत्या.

"ओढा नं," त्या म्हणाल्या. "मी कोणाले सांगत नाही."

"नाही होत गं माझ्यानं," श्यामराव म्हणाले. "एकदा केलं, त्याच्यानंच हे झालं."

बस आली. भाजीवाली चढली, पद्मिनीबाई चढल्या, भिलाईवाला कंडक्टरशी वाद घालत चढला. मोजणाऱ्यानं आपली जागा सोडायची नसते. हा त्यांच्या खात्यातला पहिला नियम, आणि तो त्यांनी वादळात, दंगलीत, एकदा तर एकशे दोन ताप असताना पाळला होता. श्यामरावांनी खुर्चीची घडी घातली, काखेत मारली आणि ते बसमध्ये चढले.

पुढच्या थांब्यावर दार उघडलं तेव्हा दारातच पाटी घेऊन बारलिंगे उभे. पुंजका जागच्या जागी थबकला. मागून कंडक्टर ओरडायला लागला, "चढो भैया, जल्दी." ऊन मी म्हणत होतं. निळी छत्री आधी मिटली. शाळेतल्या बाई चढल्या, ओढणीतून काही पुटपुटल्या, आणि श्यामरावांनी रेघ ओढली. मग हिशेबनीस. मग मालिशवाले. एकेकजण अंग चोरून त्यांच्या बाजूनं आत जात होता आणि श्यामराव तोंड वर न करता रेघा ओढत होते. चार उभ्या, पाचवी आडवी. छापलेलं थांब्याचं नाव खोडून त्यांनी शेजारी लिहिलं, 'चालू बसमध्ये'. चढलेले सत्तावीस, आधीचे तीन. तीस.

मग त्यांनी आधीपासून बसलेल्यांकडे नजर फिरवली. सवयच ती. मागच्या बाकावर एक गृहस्थ पिशवी छातीशी धरून खिडकीबाहेर बघत होते. गमछ्यातून नुसतं नाक दिसत होतं. पण ते नाक भोसल्यांच्या काळापासूनचं होतं.

"नाना," पद्मिनीबाई तिसऱ्या खिडकीतून म्हणाल्या, "सर्व्हिसिंग झाली नाही का अजून?"

नाना देवपुजारींनी गमछा खाली केला. घाम पुसला. त्यांच्या गाडीची सर्व्हिसिंग कधीच होणार नव्हती, कारण गाडीच नव्हती. विशालची पांढरी मोटार बघायलाही ते याच बसनं आले होते. श्यामराव त्यांच्याकडे बघत राहिले. एवढा सगळा खटाटोप त्यांनी या माणसापायी केला होता, आणि हा माणूस त्यांच्यापायी तेच करत होता.

"मले लिहू नका बारलिंगे," नाना हळूच म्हणाले.

"नाव लिहीत नसतो नाना. नुसती रेघ असते. आणि तुमी आमच्या थांब्याचे नाही, तुमची रेघ माझ्या कागदात बसत नाही."

नानांनी जरा विचार केला. "मंग बसा इथं," ते म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेऊन सरकले.

"आणि तुमची?" पद्मिनीबाईंनी विचारलं. "तुमी चढले नं बसमध्ये?"

मोजणाऱ्याला मोजत नाहीत, असं श्यामराव सांगणार होते. पण कंडक्टर समोर तिकिटाची गड्डी घेऊन उभा होता. त्यांनी दोन शंकर नगर मागितली आणि कागदावर एक रेघ ओढली. पंचवीस लागत होत्या, झाल्या एकतीस.

बस वाचली. अनिमेषनं 'चालू बसमध्ये' हा प्रकार कोणत्या रकान्यात बसवायचा म्हणून दोन दिवस काढले आणि शेवटी 'इतर' मध्ये टाकला. गंधालीचं आणि विशालचं जमलं. गंधाली लहानपणापासून बसनंच शिकायला जात होती आणि या सगळ्यातलं तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. पांढरी मोटार अजून दारातच आहे. पण तिची आंघोळ आता महिन्यातून एकदाच होते, कारण श्यामराव सकाळी घरी नसतात. ते पद्मिनीबाईंसोबत नऊ दहाची बस पकडतात, तेही देवळाला वळसा घालूनच.

मे महिन्यात एके दिवशी ते तिघं मंजिरीताईच्या खोलीत बसले होते. कूलर चालू होता. पद्मिनीबाई कालचा पेपर वाचत होत्या. दुसऱ्या पानावर रायपूरची बातमी होती, ती त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतली. पुरानी बस्ती ते शंकर नगर ओव्हरब्रिजला तत्त्वतः मंजुरी. दररोज सकाळी या मार्गावर धावणाऱ्या चारशे बारा मोटारींचा विचार करून हा निर्णय घेण्यात आला असून.

श्यामरावांनी कूलरकडे बघितलं.

मंजिरीताईनं हात वर करून वाचन थांबवलं. "चारशे बारा? पुरानी बस्तीत? अगं, कोणाच्या एवढ्या गाड्या?"

पद्मिनीबाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं आणि पानाची घडी नीट केली.

"आमच्याच," त्या म्हणाल्या.

मंजिरीताईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"मंग तू बसनं काहून येऊन राहिली?"